हाडे मोकळी करणारे गुरुजी शिकले कोठे?

कल्याणच्या मार्केट यार्डात गोणी उचलणारा हमाल असो, डोंबिवली एम.आय.डी.सी.त दिवसभर उभा राहणारा कामगार असो, की चार घरची धुणीभांडी करणारी आपली बहीण असो, कंबरदुखी कोणालाच चुकलेली नाही. त्यात सकाळच्या लोकलची रेटारेटी. त्यामुळे मान, कंबर, गुडघा हातांनी मोकळा करून देणाऱ्यांकडे आपली माणसे जातात. त्यांतल्या काही पाट्यांवर 'ऑस्टिओपॅथ' हा शब्द दिसतो. काही ठिकाणी तर ही विद्या शिकविण्याचे वर्गही चालतात.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या ताई असाच एक कागद घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांची मुलगी बारावी सायन्स झालेली. सहा शनिवार-रविवारांत ऑस्टिओपॅथीचे शिक्षण, वर प्रमाणपत्र, आणि फी म्हणजे ताईंचा चार महिन्यांचा पगार! "भाऊ, तुम्ही हिशेबातले. भरू का पैसे?" ताईंनी विचारले. शिकविणाऱ्याच्या नावापुढे पदव्यांची लांब रांग होती. त्या कोणत्या संस्थेने दिल्या, हे मात्र कोठेच नव्हते.

म्हणून आधी ही विद्या काय आहे ते पाहू. अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल हे डॉक्टर होते. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुले गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. हाडे, सांधे, स्नायू यांचा अभ्यास करून हातांनी उपचार करण्याची पद्धत त्यांनी १८७४ मध्ये मांडली. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल गावी त्यांनी शाळा काढली. पहिल्याच तुकडीत स्त्रियाही होत्या. विशेष म्हणजे शरीररचना शिकविण्यासाठी त्यांनी एडिंबरो येथे शिकलेले डॉ. विल्यम स्मिथ यांना नेमले. पद्धत स्वतःची असूनही शिकविणारा नीट शिकलेला हवा, हे त्यांनी ओळखले होते.

आज अमेरिकेत ही पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने नोंदणी आली. तेथे नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे हा गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या शिक्षणाचे मापदंड प्रसिद्ध केले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याला ४२०० तास शिक्षण हवे आणि त्यांपैकी किमान १००० तास जाणत्यांच्या देखरेखीखाली रुग्णांवर काम हवे, असे त्यात म्हटले आहे.

आता ताईंच्या कागदाचा हिशेब करू. सहा आठवडे, दोन दिवस, रोज आठ तास. झाले ९६ तास! कोठे ४२०० आणि कोठे ९६?

आपल्या देशात ऑस्टिओपॅथी ही वेगळी मान्यताप्राप्त वैद्यकीय पद्धती नाही. म्हणून येथे हे काम करणाऱ्याची मूळ पदवी विचारणे जास्तच गरजेचे. आधी फिजिओथेरपीची किंवा वैद्यकाची पदवी घेऊन नंतर ही विद्या शिकलेला माणूस वेगळा आणि नुसत्या प्रमाणपत्रावर पाटी लावणारा वेगळा. फिजिओथेरपीला आपल्याकडे भक्कम परंपरा आहे. मुंबईत पोलिओची साथ आली, तेव्हा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पुढे महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने राज्य परिषद नेमली आणि २०२१ मध्ये केंद्राचाही कायदा झाला.

तेव्हा फी भरण्यापूर्वी किंवा पाठ दाखविण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. आपली मूळ पदवी कोणती व कोणत्या विद्यापीठाची? नोंदणी क्रमांक काय? किती वर्षे रुग्ण तपासले आणि कोणाच्या हाताखाली? या प्रमाणपत्रावर सरकारी नोंदणी होते का? खरा शिकलेला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते.

आणखी एक. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, पायातली ताकद जात असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर कोणालाही पाठ मोडू देऊ नका. मणक्याचा क्षयसुद्धा कंबरदुखीनेच सुरू होऊ शकतो. अशा वेळी थेट कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीव किंवा के.ई.एम. गाठा.

ताईंच्या मुलीने फोन करून हे प्रश्न स्वतः विचारले. "आधी प्रवेश घ्या, मग सांगू," असे उत्तर आले. ताईंनी पैसे भरले नाहीत. मुलगी आता मान्यताप्राप्त महाविद्यालयात फिजिओथेरपीच्या प्रवेशाची तयारी करते आहे. वर्षे जास्त लागतील. पण मान्यताप्राप्त शिक्षणाला भारत सरकारची शिष्यवृत्ती मागता येते, शनिवार-रविवारच्या वर्गाला नाही. तिचा जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला आम्ही दोघे तहसील कचेरीत जाऊन आलो. आपल्या घरातही बारावी झालेले मूल असेल, तर हे दाखले आजच तयार ठेवा.