धोतऱ्याचं बोंड आणि खिशातला पंप

घोडेगावच्या कांदा बाजारात गोणी ओतली की फोलपटं उडतात, आणि त्यांच्यासोबत काळी बारीक पूड. ती काजळी, म्हणजे कांद्यावरची बुरशीच. बहुतेकांचं एका शिंकेवर भागतं. दमेकऱ्याची मात्र छाती आवळते, घरघर सुरू होते. खिशातून पंप निघतो, एक झुरका, आणि काही मिनिटांत श्वास मोकळा! आत घडतं तरी काय?

आपल्या श्वासनलिकांभोवती स्नायूंचे वेढे असतात, पायजम्याच्या नाडीसारखे. नाडी ओढली की नळी अरुंद. व्यास निम्मा झाला तर हवेची अडचण दुप्पट होईल असं वाटतं ना? संथ प्रवाहाच्या गणिताने ती सोळापट होते!

ही नाडी ओढते व्हेगस नावाची नस. मेंदूतून निघून हृदय, जठर, आतडी सांभाळत ती श्वासनलिकांनाही कायम थोडं आवळून धरते, आपल्याला न विचारता. तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन पाझरतं आणि स्नायू आखडतो.

खरी गंमत पुढे आहे. हृदयाची धडधड वाढवणाऱ्या अनुकंपी नसा माणसाच्या या स्नायूपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. तरी त्याच्या पेशींवर ‘बीटा-२’ नावाची कुलपं दाटीने बसवलेली! मग किल्ली येते कुठून? मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथींमधून, रक्तातून वाहत, पाटाला पाणी सुटावं तशी. तिचं नाव ॲड्रेनलीन. रात्री हा पाट आटतो, व्हेगसचा जोर वाढतो. म्हणून तर दमेकरी आजोबा पहाटे उशीला टेकून बसलेले दिसतात.

ॲड्रेनलीन टोचलं तर श्वास सुटतो, पण हृदयाची कुलपंही उघडतात आणि छाती धडधडते. इंग्लंडमध्ये औषधशास्त्रज्ञ डेव्हिड जॅक यांच्या चमूने ती किल्ली अशी कानसली, की ती मुख्यतः बीटा-२मध्येच फिरावी. १९६९ साली बाजारात आलेलं हे साल्ब्युटामॉल. पंप घेतल्यावर हात का थरथरतात? तेच कुलूप हाताच्या स्नायूंवरही आहे!

नाडी सैल करण्याची दुसरी वाट आपल्या बांधावरच उगवते. महादेवाला वाहतो तो धोतरा. त्याच्या पानांचा धूर आपल्याकडे दम्यावर ओढत, आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत मद्रासहून ब्रिटनला गेली. धोतऱ्यातलं ॲट्रोपीन ॲसिटिलकोलीनची जागाच अडवतं, व्हेगसची हाक स्नायूला ऐकूच जात नाही. पण ते मेंदूतही शिरतं, भ्रम होतो, जीवही जातो. रसायनशास्त्रज्ञांनी ॲट्रोपीनच्या रेणूला विद्युतभार चिकटवला, तो मेंदूच्या उंबऱ्याशीच अडला, आणि ओढलेलं औषध बहुतांशी फुफ्फुसातच काम करू लागलं. तेच इप्राट्रोपियम. इवल्याशा बदलाने विषाचं औषध झालं, याचं मला अजून नवल वाटतं.

धोतऱ्याच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये. आणि एक ध्यानात ठेवा: हे पंप नाडी सैल करतात, नळीच्या आतली सूज उतरवत नाहीत. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने उपचार टाळू नका. पंप क्वचितच लागत असला, तरी डॉक्टरांना भेटून सुजेवरचा स्टेरॉइडचा फवारा सुरू करून घ्या.