एक दप्तर, अनेक दर्शनें

सातबारा म्हणजे काय, हें भंडारा जिल्ह्यांतील धानकऱ्याच्या मुलास सांगावें लागत नाहीं. पूर्वीं तलाठी तो दप्तरांतून हातानें उतरून देई. आतां महाभूलेख या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका व गांव निवडून गट क्रमांक दिला म्हणजे तो पडद्यावर येतो. इ. स. २०२० मध्यें या उताऱ्याच्या नमुन्यांत सुधारणा झाली व गांवाच्या नांवाबरोबर त्याचा संकेतांकही छापला जाऊं लागला. परंतु तेवढ्यानें मोहाडीच्या किंवा पवनीच्या एकाही शेताचा धनी बदलला नाहीं. दप्तर निराळें व त्याचें दर्शन निराळें, हा भेद ज्यास कळला त्यास मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही संकेतस्थळाच्या बांधणीची पद्धति अर्धी कळली, असें आम्ही समजतों.

मॉडेल म्हणजे दप्तर. पण नुसता कागदांचा गठ्ठा नव्हे. फेरफाराची नोंद मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावांचून पक्की होत नाहीं, अशासारखे नियमही त्यांतच येतात. व्ह्यू म्हणजे त्या दप्तराचें वाचकास दिसणारें रूप. कंट्रोलर हा कारकून होय: त्यानें वाचकाची मागणी घ्यावी, मॉडेलकडून माहिती मागवावी व ती योग्य त्या व्ह्यूच्या स्वाधीन करावी, निवाडा मात्र आपण करूं नये. एकच चरित्र चार शुभवर्तमानकारांनीं चार परींनीं लिहिलें, तसे एका मॉडेलास अनेक व्ह्यू असूं शकतात. अर्थात् ही उपमा फार ताणूं नये.

ही विभागणी कां करावी, हें आम्हांस एका चुकीनें शिकविलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या निकालासाठीं एक लहानसें संकेतस्थळ रचिलें होतें. गुणांची नोंद एकच होती. पण उत्तीर्ण कोण, हें प्रगतिपुस्तकाचें पान आपल्यापरी ठरवी व निकालफलकाचें पान आपल्यापरी. एकांत ‘३५ किंवा अधिक’ असा नियम लिहिला होता, दुसऱ्यांत ‘३५ हून अधिक’. गणितांत नेमके ३५ गुण मिळालेला एक मुलगा प्रगतिपुस्तकांत उत्तीर्ण व फलकावर अनुत्तीर्ण ठरला. फलक सर्वांनीं पाहिला. मुलगा दोन दिवस शाळेंत आला नाहीं. आम्हीं त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. मग तो नियम दोन्ही पानांतून काढून मॉडेलमध्यें एकदांच लिहविला. “एवढ्याशा कामास तीन भाग कशाला?” असें नवशिके विचारतात, तेव्हां आम्ही हीच हकीकत सांगतों. एखादा नियम कोठें लिहावा असा संशय पडल्यास, पान पुसून टाकलें तरी तो नियम उरावयास हवा कीं नको, हें पाहावें. हवा असेल तर त्याची जागा मॉडेलमध्यें.

ही कल्पना नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्स्काउग यांनीं इ. स. १९७९ मध्यें, अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत असतांना मांडिली. त्या काळीं वेबचा जन्म झालाच नव्हता. कळफलक व माउस यांच्या हालचाली टिपणें हें कंट्रोलरचें काम असे. वेबवर मात्र तो ब्राउझरकडून आलेली मागणी घेतो. इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘रूबी ऑन रेल्स’नें हीं तिन्ही नांवें जशींच्या तशीं ठेविलीं. २००५ च्या ‘जँगो’मध्यें मात्र नवशिक्याची फसगत होते: तेथें ज्यास व्ह्यू म्हणतात तो बहुतांशीं कंट्रोलरचेंच काम करितो, आणि पानाच्या रूपास टेम्प्लेट म्हणतात.