मत कोठे द्यावे, कसे द्यावे

निवडणुकांचे इतिहास लिहिले जातात ते बहुधा पक्षांचे आणि पुढाऱ्यांचे. ज्याच्या मतावर हे सारे उभे असते, तो सामान्य मतदार त्यांत आकड्यांपुरताच येतो. आणि मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत पोचताना, आपले मत कोणाला द्यावे याबरोबरच ते कसे द्यावे आणि मुळात कोणत्या गावी द्यावे, याचाही विचार त्याने केलेला असतो, ही गोष्ट नोंदविण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. भायखळ्याहून कॉटन ग्रीनच्या बाजूस निघाले म्हणजे लागणारे, गिरण्या, गोदी आणि वखारी यांच्या आधाराने वाढलेले घोडपदेव हे या दृष्टीने मोठे अभ्यासनीय ठिकाण आहे. कारण या कामकरी वस्तीच्या परिसरात मत वापरण्याचे शिक्षण लोकांनी कोणत्याही शाळेत न जाता मिळविले, आणि तेही फार लवकर.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर भायखळा-परळ या मतदारसंघातून उभे होते. मताचा हक्क तेव्हा सर्वांना नव्हता. भाडे, मालमत्ता, शिक्षण अशा अटींच्या चाळणीतून जो पार पडेल त्याचेच नाव यादीत रुजू होई, आणि चाळीच्या एका खोलीत दाटीने राहणाऱ्या पुष्कळांना त्या अटी अडसर ठरत. परंतु ज्यांना हक्क मिळाला त्यांच्या हाती एक विलक्षण साधन आले. अनेक जागांच्या मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकास असत, आणि मुंबई इलाख्यात ती सारी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. संख्येने थोड्या असलेल्या समाजाने आपली मते विखुरली तर त्याच्या हाती काही लागू नये, आणि एकवटली तर त्याचा माणूस निवडून यावा, अशी ही योजना होती. तिचे मर्म प्रत्येक मतदाराच्या मनावर बिंबविणे हे कार्यकर्त्यांपुढचे खरे काम होते.

समोर काँग्रेसच्या वतीने उभे होते पाळवणकर बाळू. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा थोर गोलंदाज चर्मकार समाजातून आलेला होता, आणि तरुणपणी स्वतः आंबेडकरांनाही त्याचा अभिमान वाटत असे. ज्याच्या खेळावर सगळी मुंबई लुब्ध झाली होती असा वडीलधारा वीर एका बाजूला आणि आपल्या हक्कांसाठी झगडणारा विद्वान दुसऱ्या बाजूला, अशा पेचात सापडलेल्या मतदाराची घालमेल किती असेल, याची कल्पना आज आपणांस सहज यावी. कौल आंबेडकरांच्या बाजूने लागला, पण तो सुमारे दोन हजार मतांच्याच फरकाने. ज्या समाजावर समजूतदारपणाचा अभाव असल्याचा आरोप सुशिक्षितांकडून नेहमी होई, त्यातील माणसांनी आदर एकीकडे ठेवून निवड दुसरीकडे केली, हे मला फार मोलाचे वाटते.

पंधरा वर्षांनी, जानेवारी १९५२ मध्ये, हेच शिक्षण किती नाजूक असते याचा प्रत्यय आला. आता प्रौढ मताधिकार सर्वांना मिळाला होता. मतपत्रिकेवर नाव नसे; प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली पत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची असा शिरस्ता होता. मुंबई शहर उत्तर या लोकसभेच्या मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव, त्यामुळे प्रत्येकास दोन पत्रिका मिळत. मात्र १९३७ सालची मुभा आता राहिली नव्हती. दोन पत्रिका दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकणे आवश्यक होते, एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. हत्तीच्या पेटीत एक आणि झाडाच्या पेटीत एक, असा आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांचा समझोता होता. निकाल लागला तेव्हा राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर विजयी झाले, डॉ. आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी मागे राहिले, आणि बाद ठरलेली मते सत्तर हजारांच्या वर गेल्याचे दिसून आले. आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज दाखल केला; दुसरे मत जाणूनबुजून वाया घालविण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, अशी त्यांची तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला. त्या हजारो मतांपैकी किती बुद्ध्या आणि किती जुन्या सवयीने बाद झाली, हे त्या पेट्यांनी कोणाला सांगितले नाही. दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले, ते योग्यच झाले.

ब्रिटनकडून आपण संसदीय पद्धती घेतली, हे खरे. पण तेथील मतदार या बाबतीत आपल्या फार पुढे होता असे मानण्याचे कारण नाही. गुप्त मतदानाचा कायदा तेथे १८७२ मध्ये आला, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९२८ मध्ये मिळाला, आणि विद्यापीठाचा पदवीधर किंवा व्यापारी पेढीचा मालक म्हणून काहींना असणारे दुसरे मत काढून घेण्यास १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे एकास एकच मत, हे तत्त्व तेथे पूर्णांशाने अमलात आल्यानंतर अवघ्या काही वर्षांत घोडपदेवचा गोदी कामगार आणि गिरणीचा मालक समान अधिकाराने पेटीपुढे उभे राहिले. आज तेथे गुरुवारी, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, शाळेत, चर्चमध्ये, क्वचित मद्यगृहातही मतदान चालते. कागदावर पेन्सिलीने फुली मारली की काम झाले. बोटाला शाई नाही, आणि छायाचित्राचा पुरावा दाखविण्याची सक्तीसुद्धा २०२३ पासूनची. आपल्याकडे शाई आहे, ओळखपत्र आहे, यंत्राचे बटण दाबल्यावर काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी आहे, आणि २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही आहे.

परंतु ‘कसे’ याहून ‘कोठे’ हा प्रश्न घोडपदेवच्या मतदाराला अधिक जिव्हाळ्याचा आहे. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसाचे एक घर येथे असते आणि एक गावी. गावच्या यादीत नाव ठेवले तर भावकीत आणि ग्रामपंचायतीत शब्दाला वजन राहते. मुंबईत ठेवले तर नळाचे पाणी, चाळीचा पुनर्विकास, गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न यांबाबत लोकप्रतिनिधीकडे हक्काने जाता येते. कायदा दोन ठिकाणी नोंद करू देत नाही, म्हणून कुटुंबात विचार होतो, आणि कधी वडील गावच्या यादीत, मुलगा मुंबईच्या, अशी वाटणी होते. ही लबाडी नव्हे. दोन्ही मातींशी नाते असलेल्या माणसाने कायद्याच्या मर्यादेत काढलेला तो मार्ग आहे. २० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान आले ते ऐन सुटीत. चाळींतील कित्येक बिऱ्हाडे गावी गेलेली, उन्हाचा तडाखा मोठा आणि रांगा लांबलेल्या. दक्षिण मुंबईत शंभरांपैकी जेमतेम पन्नासांनी मतदान केले. यास शहरी माणसाची उदासीनता म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तारीख ठरविणाऱ्यांनी मात्र मे महिन्यात मुंबईचा कामकरी माणूस कोठे असतो, याची चौकशी आधी करावयास हवी होती.

त्याच वर्षी ४ जुलैला ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक तेथे रीतसर वास्तव्य करतात, त्यांना तेथील संसदेसाठी मत देता येते; म्हणून मुंबईहून नोकरीसाठी लंडनला गेलेला तरुण भारतीय पारपत्र खिशात असतानाही, यादीत नाव नोंदवून, तेथे मत देऊ शकतो. भारतातील मतासाठी मात्र, परदेशी राहणारा मतदार म्हणून नाव नोंदविले असले तरी, त्याला मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर जातीने हजर राहावे लागते. मे महिन्यात तिकीट काढून येणे परवडणारे थोडेच. परदेशस्थांना टपालाने वा अन्य मार्गाने मत देऊ द्यावे, ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण तिची तजवीज करताना, त्याच सवलतीची गरज संगमेश्वरला किंवा जुन्नरला गेलेल्या मुंबईकर कामगारालाही तितकीच आहे, हे संसदेने ध्यानात घ्यावे, आणि दोघांचा विचार एकाच विधेयकात करावा.