फट, कूलर आणि आजीची शेगडी

मूल-सिंदेवाही भागातील आमच्या गावी एकाच अंगणात आमची दोन घरे उभी आहेत. मागचे आजोबांनी बांधलेले, कुडाच्या भिंतींचे आणि कवेलूंचे. पुढचे घरकुल योजनेतले, विटा-सिमेंटचे आणि स्लॅबचे. घरकुल झाले तेव्हा आम्ही सारे मोठ्या हौसेने त्यात राहावयास गेलो. आजी मात्र आठ दिवसांत आपली वाकळ घेऊन मागे परतली. "या डब्यात मले झोप येत नाई, बाबू," एवढेच ती म्हणाली. आम्ही हसलो. पुढे दोन प्रसंग असे घडले की, तिच्या त्या 'डबा' शब्दाचा विचार करणे मला भाग पडले.

पहिला प्रसंग उन्हाळ्याचा. दादाने कूलर आणला आणि चोरीला जाईल म्हणून खोलीतच ठेवला. बँकेतला एसी त्याने पाहिला होता. तेव्हा गारवा बाहेर निसटू नये म्हणून खिडक्या लावल्या, झरोक्यात पोती कोंबली. तासाभरात गारवा राहिला दूर, अंग चिकचिकू लागले आणि अंथरूण दमट झाले. दादाने दुकानदाराला चार शब्द सुनावले. वास्तविक दोष आमचाच होता.

कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या जोरावर. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ते हवेतून ओढून घेते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांवर असतो, पण हवा कोरडी ठणठणीत असते. आर्द्रता १५ टक्के धरली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४-२५ अंशच दाखवील. चांगला कूलर याच आकड्याच्या दिशेने हवा नेतो आणि २८-३० अंशांपर्यंत आणून सोडतो. मात्र ही हवा सोबत बाष्प घेऊन येते. तिला बाहेर जाण्यास वाट हवी आणि कूलरला दर क्षणी नवी कोरडी हवा हवी. बंद खोलीत तीच ओली हवा पुन:पुन्हा ताट्यांतून फिरते, मग पाणी वाफ होणार कसे? आम्ही कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसविला, समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवली आणि त्या रात्री दादा निवांत घोरला.

एसीचे शास्त्र याच्या नेमके उलटे. तो खोलीतलीच हवा फिरवून तिची उष्णता बाहेर फेकतो. फटीतून शिरणारी गरम हवा म्हणजे त्याच्यावर लादलेले जास्तीचे काम. चंद्रपुरात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्यांनी कूलरच्याच खोलीत एसी लावला आणि पहिले बिल पाहून डोक्याला हात लावला. एका दुपारी आम्ही पंखा बंद करून उदबत्ती घेतली आणि दारा-खिडक्यांच्या कडेने फिरवली. जिथे धूर वाकडा झाला, तिथे खडूने खूण केली. तेरा खुणा निघाल्या! दाराखालची फट अर्धाच इंच. पण दार तीन फूट रुंद, म्हणजे एकूण अठरा चौरस इंच. भिंतीला चार इंच लांब-रुंद भोक पाडून वर एसी चालवावा, त्यातलाच प्रकार. रबरी पट्टी, दाराखाली लाकडी फळी आणि झरोक्याला काच, एवढ्याने बराच फरक पडला.

हा केवळ एका घराच्या बिलाचा प्रश्न नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. ती राख आपल्याच अंगणात पडते, हे चंद्रपूरकरांना मी काय सांगावे?

थंड देशांत तर फटी बुजविणे हे एक शास्त्रच झाले आहे. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ साली बांधलेल्या घरांवरून पुढे जो दंडक रूढ झाला, त्यानुसार पंख्याने ५० पास्कल दाब दिला असता तासाभरात घरातील एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा अधिक हवा फटींतून जाता कामा नये. पण लोक अर्धेच ऐकतात. त्या घरांत ताजी हवा आणणारी स्वतंत्र योजना असते. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला दिली जाते. फटी बुजवायच्या आणि ही योजना विसरायची, यात जिवाला धोका आहे.

आणि तेच आमच्याकडे घडले. पौषात थंडी कडक पडली. मी सुटीत घरी होतो आणि माझ्या नव्या विद्येच्या उत्साहात घरकुलाची एकूणएक फट बुजवून बसलो होतो. आजीला थंडी सोसवेना म्हणून तिला पुढच्या घरात आणले. तिने सवयीने कोळशाची शेगडी आत घेतली. पहाटे आईला तिच्या कण्हण्याने जाग आली. आजीचे डोके फुटत होते, दोनदा उलटी झाली, उभे राहवत नव्हते. आईचेही डोके गरगरत होते. दारे सताड उघडून दोघींना अंगणात आणले आणि मग दवाखान्यात नेले. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. मागच्या घरात हीच शेगडी पन्नास वर्षे जळली होती. तिथे कवेलूंच्या सांध्यांतून आणि भिंत व छपरामधल्या मोकळ्या जागेतून वायू निघून जात असे. त्या घराची जी उणीव मी समजत होतो, तिनेच आजवर माणसे राखली होती.

म्हणून जुने घर निर्दोष, असे नव्हे. दरवर्षी कवेलू फेरायची, पावसात भांडी मांडायची, विंचवाची धास्ती वेगळीच. तरी उन्हाळ्याच्या रात्री ते लवकर निवते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. फटी बुजवून त्यावर काही उपाय होत नाही.

यंदा चैत्रातच आम्ही स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले. झरोक्यांना जाळी आणि उघडझाप करता येईल अशी फळी बसविली. सकाळी नवाच्या आत आई सारे बंद करते, रात्री वारा निवला की उघडते. शेगडी आता अंगणातच. आजी अजून मागेच झोपते. मात्र परवा दुपारी कूलरसमोर तिचा डोळा लागलेला मी पाहिला.