केमोचे औषध तेच, पण देण्याची पद्धत वेगळी

केमोथेरपी म्हणजे सलाईन, असा आपल्या वस्त्यांमध्ये समज आहे. प्रत्यक्षात औषध कशात मिसळले आणि कसे दिले, यावर त्रास, वेळ आणि खर्चही ठरतो.

स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळतात. या द्रावकाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीची औषधे देऊन, बहुधा ३ तासांत ते सोडतात. २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या प्रकारात हेच औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडलेले असते आणि साधारण ३० मिनिटांत देता येते. मात्र हातापायांना मुंग्या येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे त्रास त्यातही होतात.

कॅपेसिटाबिनची गोळी घरी घेता येते, कामाचे खाडे कमी होतात. पण गोळी म्हणजे हलकी केमो नव्हे. ती जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावी, कुटून घेऊ नये. ताप आला किंवा जुलाब थांबत नसतील तर लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रकार आमच्या रुग्णाला चालेल का, सरकारी योजनेत बसेल का, हे डॉक्टरांना विचारा, असे आम्ही प्रत्येक कुटुंबाला सांगतो. विचारणे हा उपकार मागणे नाही, तो आपला हक्क आहे.