केंद्रीय दारूगोळा भांडार, पुलगाव

पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडार हे भारतीय सैन्याचे देशातील सर्वांत मोठे दारूगोळा कोठार आहे. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील या भांडाराचा विस्तार सुमारे ७,००० एकर आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने ते उभारले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि पुढच्याच महिन्यात विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर जपानी विमानांनी बाँबफेक केली. अशा वेळी किनाऱ्यापासून दूर, तरीही मुंबई-नागपूर लोहमार्गावर असलेले पुलगाव साठवणुकीस सोयीचे होते. भर वस्तीत स्फोटके आणण्याचा धोका १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाच्या स्फोटाने दिसून आला. महात्मा गांधींचे सेवाग्रामही याच जिल्ह्यात असावे, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय; १४ जुलै १९४२ रोजी ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथेच केला होता.

भद्रावती, वरणगाव, खमरिया आदी कारखान्यांत तयार झालेला दारूगोळा अशा भांडारांत साठवून पुढे सैन्याच्या तळांकडे पाठविला जातो. एका कोठारातील स्फोट दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून कोठारे परस्परांपासून दूर बांधतात व भोवती मातीचे बांध घालतात. तथापि जुनी स्फोटके स्वतःच धोकादायक होतात. ३१ मे २०१६ च्या पहाटे रणगाडाविरोधी सुरुंगांच्या कोठारात आग लागून प्रचंड स्फोट झाला. त्यात १९ जण मरण पावले. दोन लष्करी अधिकाऱ्यांचा अपवाद वगळता मृतांत बहुतेक आग विझविण्यासाठी धावलेले कर्मचारी होते. आगरगाव, नागझरी, पिपरी या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत असल्याचा दोष नंतर पुढे आला.

निकामी दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान सोनेगाव (आबाजी) जवळ आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे जुन्या दारूगोळ्याच्या पेट्या उतरविताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत खमरिया कारखान्याचा एक कर्मचारी होता. इतर बहुतेक जण ठेकेदाराकडे रोजंदारीने काम करणारे, आसपासच्या खेड्यांतले मजूर होते.