'इरॅटिक' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ व त्याचे मराठी उपयोजन

प्रस्तावना : पदवी वर्गात इंग्रजी उताऱ्याचे भाषांतर करवून घेताना 'इरॅटिक रेनफॉल'साठी 'अनियमित पाऊस' हा प्रतिशब्द हमखास येतो. तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सोयाबीन, तूर, कापूस ही पिके प्रामुख्याने पावसाच्या भरवशावर घेणाऱ्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा अपुरेपणा केवळ शब्दकोशापुरता राहत नाही.

विवेचन : 'इरॅटिक'चे मूळ 'एर्रारे' या लॅटिन क्रियापदात आहे, अर्थ भटकणे, वाट चुकणे. 'एरर' हा शब्दही त्याच कुळातला. जुन्या इंग्रजी लेखनात ग्रहांना 'इरॅटिक' तारे म्हटले जाई, कारण ते स्थिर ताऱ्यांमधून फिरताना दिसत. वास्तविक ग्रहांची गती गणिताने आधी सांगता येते. म्हणजे त्या काळी भटकणे एवढाच अर्थ अभिप्रेत होता. अंदाज न येणे हा अर्थ पुढे प्रधान झाला.

'इरेग्युलर'शी त्याची गल्लत होते ती येथे. 'गो'चे भूतकाळी रूप 'वेंट' होते, म्हणून ते अनियमित क्रियापद. परंतु ते दर वेळी 'वेंट'च होते. तेथे नियम मोडला आहे, भरवसा मोडलेला नाही. 'इरॅटिक'मध्ये नेमका भरवसाच मोडतो. शिवाय मराठीतील 'अनियमितता' या शब्दाला लेखापरीक्षणाच्या अहवालांनी निराळाच वास दिला आहे, हेही विसरून चालणार नाही. 'स्पोरॅडिक' आणखी वेगळा : त्यात विखुरलेपणा आहे, आणि हवामानवृत्तातील 'तुरळक' हा शब्द त्याला पुष्कळसा जुळतो.

मराठीत एकच प्रतिशब्द शोधण्याचा अट्टहास व्यर्थ होय. पाऊस 'लहरी' असतो, परंतु हृदयाचे ठोके लहरी म्हणता येत नाहीत. फलंदाज 'बेभरवशाचा' असतो. विजेचा मात्र 'लपंडाव' चालतो. इंग्रजी जे विशेषणाने सांगते ते मराठी बहुधा क्रियापदाने सांगते : पाऊस दडी मारतो, ओढ देतो, हुलकावणी देतो. शेतकऱ्याच्या बोलीतील 'खंड' हा शब्द तर याहून काटेकोर आहे, कारण खंड दिवसांत मोजता येतो.

२०२३ चा मोसम याचे उत्तम उदाहरण ठरावे. देशाचा हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के, म्हणजे ढोबळमानाने ठीकच होता. पण जुलैत तो सरासरीच्या ११३ टक्के, तर ऑगस्टमध्ये अवघा ६४ टक्के पडला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीनला फुले-शेंगा लागण्याचा काळ तोच. त्या वर्षी महाराष्ट्रात पीकविम्याच्या चर्चेत सलग २१ दिवसांचा 'खंड' हाच शब्द मोजमापाचा ठरला. 'अनियमित पाऊस' एवढ्या शब्दांवर कोणाची भरपाई ठरू शकली नसती.

तेव्हा अशा वाक्याचे भाषांतर करताना विद्यार्थ्याने आधी उताऱ्यासोबतचा पर्जन्याचा तक्ता पाहावा. पाऊस उशिरा आला, मध्येच खंडला की एकाच दिवशी कोसळून गेला, हे तेथे दिसते. क्रियापद त्यावरून निवडावे. तक्ता नसेल, तर 'लहरी' लिहावे.